आजचं चिंतन: रिकामा वेळ कुणाचा?



आजचं वाचन श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातलं, अध्याय नववा. नाथांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहिली, तीच आपली एकनाथी भागवत. पैठणला सुरू झालेला हा ग्रंथ शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ ला, काशीत पूर्ण झाला. एकूण ३१ अध्याय. त्यातले सात, आठ आणि नऊ हे तीन अध्याय अवधूताच्या चोवीस गुरूंचे. यदुराजा विचारतो की तू इतका आनंदी कसा, आणि अवधूत सांगत जातो: पृथ्वीकडून हे शिकलो, वाऱ्याकडून ते शिकलो, कबुतराकडून, हत्तीकडून, पिंगलेकडून...

नवव्या अध्यायात एक मुलगी येते. तिला नाव नाही, नुसती "कुमारी". घरातली मोठी माणसं बाहेर गेली आहेत आणि नेमके त्याच वेळी तिला मागणी घालायला पाहुणे आले आहेत. त्यांच्या जेवणाची सोय करायची म्हणून ती आत जाऊन भात कांडायला बसते. हातात शंखाच्या बांगड्या. मुसळ वर-खाली झालं की त्या खणखणतात. बाहेर पाहुण्यांना कळणार की घरात कांडलेले तांदूळसुद्धा नाहीत! म्हणून ती एकेक बांगडी कमी करत जाते. शेवटी प्रत्येक हातात दोन उरतात, पण त्यासुद्धा एकमेकींवर वाजतातच. मग त्यातलीही एक जाते. प्रत्येक हातात एकच उरते, आणि आवाज थांबतो.

अवधूत यावरून सांगतो की अनेक जण एकत्र आले की भांडण होतं, दोघं असले तरी गप्पा होतात, म्हणून साधकाने एकट्यानं राहावं. हा या गोष्टीचा सरळ अर्थ, आणि कीर्तनातही तो असाच येतो.

पण या वेळी वाचताना मी दुसऱ्याच दोन गोष्टींपाशी थांबलो. पहिली म्हणजे तिनं कांडणं थांबवलं नाही. पाहुण्यांना तिनं "नंतर या" म्हटलं नाही, त्यांना जेवायला मिळणारच होतं. दुसरी म्हणजे तिनं हात रिकामे केले नाहीत, एकेक बांगडी ठेवली. तिनं नेमकं काय कमी केलं? काम तेवढंच राहिलं, पाहुणेही तेवढेच राहिले. कमी झाला तो फक्त एकमेकांवर आपटून होणारा खणखणाट.

आज हे चिंतन मी सेवानिवृत्त माणसाच्या वेळाला लावून बघणार आहे. तुमच्यातले बहुतेक जण पंचविशी-तिशीतले, निवृत्तीला अजून तीसेक वर्षं आहेत. तरी वाचा. कारण आपले आई-बाबा आता त्या वळणावर आहेत, आणि त्यांच्या वेळावर सगळ्यात जास्त मागण्या आपल्याच पिढीकडून जातात.

कुंपण गेलं की

माझे बाबा बँकेत होते. दीड वर्षापूर्वी ६० पूर्ण झाले आणि निवृत्त झाले. (राज्य सरकारी नोकरीत बहुतेकांना हे वय ५८ असतं, केंद्रात आणि बँकांत ६०.) त्यांचा बेत साधा होता. सांगलीला माझे थोरले काका असतात, बाबांपेक्षा अकरा वर्षांनी मोठे. पडल्यापासून ते अंथरुणातच आहेत, डोळ्यांनी वाचवत नाही, पण कान अजून ठीक आहेत. बाबांनी ठरवलं होतं की रोज सकाळी फोनवरून काकांना एकनाथी भागवत वाचून दाखवायची. दोघांनी लहानपणी आजोबांकडून ती ऐकली होती, पण पूर्ण कधीच झाली नव्हती. आता वेळच वेळ आहे, वर्षभरात ग्रंथ संपवू, असं दोघांचं ठरलं.

सहा महिन्यांनी ते दुसऱ्या अध्यायावर होते.

या सहा महिन्यांत बाबा लोळत पडले होते असं नाही, उलट नोकरीपेक्षा जास्त धावत होते. सोसायटीनं त्यांना खजिनदार केलं, कारण "तुम्ही बँकेतले, आणि आता घरीच असता". नातेवाईक केवायसीचे, नॉमिनीचे, इन्कम टॅक्सचे कागद घेऊन येऊ लागले. कुणाला दवाखान्यात सोबत हवी, कुणाच्या फ्लॅटवर प्लंबर येणार म्हणून चावी घेऊन उभं राहायला माणूस हवा. जुन्या सहकाऱ्यांचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, लग्नं, मुंजी, बारसी. आणि आमच्या घरातून गेलेलं काम म्हणजे माझ्या मुलीला दुपारी शाळेच्या बसवरून आणणं. यातलं एकही काम वाईट नाही. एकेकटं बघितलं तर प्रत्येक काम पुण्याचंच आहे. अडचण त्यांच्या संख्येत होती, आणि ती सगळी एकमेकांवर आपटत होती त्यात होती. सकाळी सातला काकांना फोन लावायचा, तर पावणेसातला पाण्याच्या टँकरसाठी कुणीतरी बेल वाजवायचं.

हे का होतं, यावर मी बराच विचार केला. मला सापडलेलं कारण असं.

नोकरीत असताना माणसाच्या वेळाला कुंपण असतं. कुणी विचारलं की "मंगळवारी येता का?", तर उत्तर तयार असतं: "ऑफिस आहे हो." हा नकार आपण देत नाही, आपल्या वतीनं ऑफिस देतं. समोरच्याला वाईट वाटत नाही आणि आपल्यालाही अपराधी वाटत नाही. पस्तीस वर्षं असं चालतं. मग एका ३१ तारखेला शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, भाषणं होतात, आणि दुसऱ्या दिवसापासून ते कुंपण नसतं. आता कुणी "मंगळवारी येता का?" विचारलं की माणसाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं "नाही" म्हणायचं असतं. साठाव्या वर्षी! सवयच नसते. आणि वेळ म्हणजे गावाबाहेरच्या गायरानासारखा होऊन जातो, कुणाचंही गुरं यावं आणि चरून जावं.

आपल्या भाषेत सांगायचं तर माणूस कायमचा ऑन-कॉल होतो. तुमच्या-माझ्या टीममध्ये ऑन-कॉलला निदान रोटेशन असतं, या आठवड्यात मी, पुढच्या आठवड्यात तू. घरातल्या निवृत्त माणसाला रोटेशन नसतं. त्याचा पेजर कधीच दुसऱ्याकडे जात नाही.

निवृत्ती आधी की शेवटी?

आपण "सेवानिवृत्ती" म्हणतो आणि त्यातलं "सेवा" सोडून देऊन नुसतं "निवृत्त झाले" म्हणतो. पण निवृत्ती हा परमार्थातला फार मोठा शब्द आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या भावंडांची नावं क्रमानं घ्या: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. वारकरी परंपरेत या क्रमाकडे एक जिना म्हणून बघतात. आधी निवृत्ती, मग ज्ञान, मग सोपान म्हणजे वर जाण्याची पायरी, आणि मग मुक्ती. या क्रमात निवृत्ती पहिली आहे. आणि निवृत्तीनाथ हेच माउलींचे गुरू.

म्हणजे निवृत्ती ही काम संपल्यावर मिळणारी सुट्टी नव्हे, पुढच्या प्रवासाची ती सुरुवात आहे. ऑफिसची नोकरी साठाव्या वर्षी आपोआप सुटते, त्यासाठी काहीच करावं लागत नाही. खरी निवृत्ती मात्र तारीख आली म्हणून मिळत नाही.

आपल्या शास्त्रांनी याची व्यवस्था वानप्रस्थ आश्रमात केली होती. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात त्याची वेळ सांगितली आहे: अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पांढरे झाले आणि नातवंडाचं तोंड बघितलं की गृहस्थानं वनाची वाट धरावी. आजच्या काळात मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. वानप्रस्थ म्हणजे सगळं टाकून देणं नाही, ते पुढे संन्यासात येतं. वानप्रस्थीनं पत्नीला सोबत न्यावं किंवा मुलांकडे सोपवून जावं, अग्निहोत्र चालू ठेवावं, स्वाध्याय रोज करावा, आलेल्या अतिथीला आपल्याकडे असेल ते द्यावं, असं सांगितलं आहे. म्हणजे कर्तव्यं संपत नाहीत, त्यांची यादी छोटी होते. बघा, पुन्हा कुमारीची बांगडीच आली.

आता आपल्याला वनात जाता येणार नाही. पुण्यात फार तर सकाळी टेकडीवर जाता येईल, आणि तिथेही ओळखीचे चार जण भेटतील. म्हणून वन घरातच तयार करावं लागतं.

कुंतीचा नकार

"नाही" म्हणायचं कसं, हे शिकायला महाभारताच्या आश्रमवासिक पर्वाइतका चांगला पाठ मला दुसरा माहीत नाही.

युद्ध संपून पंधरा वर्षं झाली आहेत. धृतराष्ट्र पांडवांच्याच घरी राहतो आहे. शेवटी तो गांधारीसह वनात जायचं ठरवतो. निरोप द्यायला सगळे नगराबाहेर येतात, आणि तिथे कळतं की कुंतीसुद्धा परत फिरणार नाही. गांधारीचा हात आपल्या खांद्यावर घेऊन ती चालतेच आहे. पाचही मुलं रडतात, विनवतात. आता कुठे राज्य मिळालं, आता तुझे सुखाचे दिवस, आणि तू का चाललीस?

कुंती त्यांना रागावून झिडकारत नाही. ती सांगते की तुम्हाला लढायला मी उभं केलं ते तुम्ही दीन होऊ नये म्हणून, तुमचं राज्य मला भोगायला मिळावं म्हणून नाही. पतीच्या काळात मी राजवैभव पाहिलं आहे. आता मला या दोघा वडीलधाऱ्यांची सेवा आणि तप करायचं आहे. आणि जाताना ती युधिष्ठिराला सांगायला विसरत नाही: सहदेवाकडे लक्ष दे, कर्णाची आठवण ठेव, द्रौपदीला जप.

या प्रसंगातून मला तीन गोष्टी दिसतात. कुंतीनं नकार दिला तो आपण कुठे जाणार आहोत हे नक्की झाल्यावर. नुसतं "मला वेळ नाही" असं ती म्हणाली नाही. दुसरी, ज्यांना नकार दिला त्यांच्यावरचं प्रेम कमी झालं नाही, शेवटचं वाक्यसुद्धा त्यांच्या काळजीचं आहे. आणि तिसरी, सेवा तिनं सोडलीच नाही, पण कुणाची करायची हे स्वतः निवडलं. हस्तिनापुरात तिला शंभर कामं होती, तिनं एक घेतलं.

समर्थ तर म्हणतात, एक क्षण रिकामा जाऊ देऊ नका!

इथे कुणीतरी नक्की विचारेल की दासबोधाचं काय? अकराव्या दशकाच्या तिसऱ्या समासात समर्थांनी दिवस कसा घालवावा हे सांगितलं आहे, आणि एकही क्षण रिकामा जाऊ न देणं हे त्यांनी भाग्यवंताचं लक्षण म्हटलं आहे. मग कामं कमी करा असं सांगणं उलटं नाही का?

तो समास पूर्ण वाचून बघा. पहाटे उठून पाठांतर आणि देवाचं स्मरण, मग शुचिर्भूत होऊन पूजा, मग आपला उद्योग, जेवण झाल्यावर थोडं वाचन, चर्चा, आणि एकांतात बसून वाचलेल्याचा विचार. मोजक्या गोष्टी आहेत, आणि प्रत्येकीला आपली जागा आहे. कुणी बोलावेल तिकडे धावत सुटा, असं समर्थ म्हणत नाहीत.

आपल्या मराठीत दोन शब्द आहेत, "रिकामा" आणि "मोकळा". रिकामा म्हणजे ज्यात काहीच नाही. मोकळा म्हणजे ज्यात हवं ते करता येईल. समर्थांना क्षण रिकामा नको आहे. पण दिवस दुसऱ्यांच्या कामांनी ठासून भरला तर तो मोकळाही राहत नाही, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर आतून रिकामंच वाटतं. बाबा हेच म्हणायचे: "दिवसभर पळतोय, पण केलं काय विचारशील तर सांगता येत नाही."

गीतेच्या सहाव्या अध्यायात, सोळाव्या-सतराव्या श्लोकांत, भगवंत याला "युक्त" म्हणतात. अति खाणाऱ्याला योग नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. आहार, विहार, कर्म, झोप, जागणं, सगळं मापात असेल तर तो योग दुःख घालवतो. लक्षात घ्या, या यादीत कर्मही आहे. चांगल्या कामांनासुद्धा माप हवं.

याची दुसरी बाजूही आहे. काही घरांत निवृत्त माणसाला कुणीच काही विचारत नाही. फोन वाजत नाही, दिवस संपता संपत नाही. तिथे एखादी बांगडी घालायची गरज आहे, काढायची नाही. युक्त म्हणजे प्रत्येकानं आपलं माप बघणं.

जिची निवृत्तीची तारीखच नाही

आता आईबद्दल. बाबांच्या निवृत्तीचा समारंभ झाला. आई कधी निवृत्त होणार, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.

उलट बाबा घरी आले आणि तिचं काम वाढलं. आधी सकाळी आठला डबा दिला की संध्याकाळपर्यंत दिवस तिचा होता. आता अकराला चहा, एकला गरम जेवण, चारला पुन्हा चहा. सोसायटीची माणसं हिशेबाला घरीच यायची, म्हणजे त्यांचाही चहा. गुरुवारी चारला तिचं भजनी मंडळ असतं, गेली बारा वर्षं. त्या सहा महिन्यांत तिचे कितीतरी गुरुवार चुकले, आणि हे तिनं कुणाला सांगितलंही नाही. भजनी मंडळातल्या एका काकूंनी मला जिन्यात अडवून विचारलं की आईची तब्येत बरी आहे ना, तेव्हा मला कळलं.

प्रत्येक हातात दोन बांगड्या राहिल्या तरी त्या वाजतात, हे भागवतातलं निरीक्षण किती बारीक आहे बघा. घरात दोघंच, एकमेकांवर प्रेम असलेली, तरीसुद्धा दिवसभर एकाच जागेत एकमेकांच्या वेळावर आपटतात. त्यात कुणाचा दोष नसतो. दोघांच्या वेळाला वेगवेगळी जागा करून द्यावी लागते, एवढंच.

जनाबाईंचं चरित्र आपण ऐकतो. दळण, कांडण, पाणी, शेण, सगळं त्यांनी केलं आणि विठ्ठल त्यांच्यासोबत जात्यावर बसला. आपण ही गोष्ट ऐकून म्हणतो, "कामातच देव आहे." खरं आहे. पण मग देव जसा जात्याला हात लावायला आला, तसा घरातल्या माणसांनीही लावायला काय हरकत आहे?

आम्ही काय केलं

एका रविवारी आम्ही चौघं, म्हणजे आई, बाबा, बायको आणि मी, कागद घेऊन बसलो. बाबांनी आठवड्यातली सगळी कामं लिहिली. सव्वीस निघाली! आईनं तिची वेगळ्या कागदावर लिहिली. मग आम्ही प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारले.

१. हे काम माझ्याशिवाय अडतं का?
२. हे कधी संपणार आहे?
३. हे ठरलेल्या वेळी करता येईल का, की कुणी बोलावेल तेव्हाच?

यातून जे ठरलं ते असं:

सकाळी सात ते साडेसात काकांचा फोन. या वेळात दार उघडायचं नाही, दुसरा फोन घ्यायचा नाही. टँकर आला तर मी खाली जातो.

कागदपत्रांची सगळी कामं रविवारी दहा ते बारा. कुणीही या, फॉर्म आणा, चहाही मिळेल. एरवी फोन आला तर उत्तर ठरलेलं: "रविवारी ये ना, निवांत बघू." गंमत म्हणजे निम्म्या लोकांचं काम रविवारपर्यंत आपोआप होऊन जातं.

खजिनदारपद पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंतच. ती ३० सप्टेंबरच्या आत होते, म्हणजे कामाला शेवटची तारीख मिळाली. तोपर्यंत हिशेबाची बैठक खाली सोसायटीच्या ऑफिसात, आमच्या हॉलमध्ये नाही.

नातीची बस बाबांनी ठेवली. ते म्हणाले, "हे काम नाही, हा माझा विरंगुळा आहे." पण बुधवारी मी घरून काम करतो, त्या दिवशी बस माझ्याकडे. म्हणजे आजोबांनाही साप्ताहिक सुट्टी.

अकराचा चहा बाबा स्वतः करतात, आईलाही देतात. पहिल्या आठवड्यात साखर दोनदा पडली, आता जमतो. गुरुवार दुपार आईची. त्या दिवशी चारनंतर घरात पाहुणा आला तर त्याचं बघायची जबाबदारी आईची नाही.

आणीबाणीला यातलं काहीच लागू नाही. कुणाला रात्री दवाखान्यात न्यायचं असेल तर बाबा आजही पहिले उठतात. नियम आहेत ते रोजच्या खणखणाटासाठी. कुणी खरंच अडलेलं असताना घड्याळ दाखवायला हे नियम केलेले नाहीत.

याची किंमत पडली नाही असं नाही. एका नातेवाइकाला "रविवारी ये" हे फार लागलं. दोन महिने फोन नाही. "निवृत्त झाल्यावर माणसं बदलतात," असं दुसऱ्यांकडे बोलून झालं. बाबांना त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. आई त्यांना एवढंच म्हणाली, "अहो, भाऊजींना ऐकू येतंय तोवर वाचून घ्या. बाकीचे रागावले तर पुढच्या वर्षीही मनवता येतील."

मला वाटतं या सगळ्या चिंतनाचं सार आईच्या त्या वाक्यात आहे. काकांचे कान दर महिन्याला थोडे कमी होत आहेत. आता फोन स्पीकरवर ठेवून, उशीजवळ धरून, बाबांना मोठ्यानं वाचावं लागतं. परवा ते नवव्या अध्यायावर आले. म्हणूनच आजचं वाचन हे.

शिल्लक किती?

तरुण मित्रांनो, आता आपला हिशेब. भागवताच्या सातव्या स्कंधात, सहाव्या अध्यायात, प्रल्हाद आपल्या वर्गमित्रांना शिकवतो. तो त्यांना म्हणतो की भक्तीला लहानपणापासूनच लागा, आणि मग चक्क गणित मांडतो. माणसाचं आयुष्य शंभर वर्षं धरा. निम्मं रात्रीच्या झोपेत गेलं, उरली ५०. बालपण आणि खेळण्यात २० गेली, उरली ३०. म्हातारपणी शरीर चालत नाही त्यात २० गेली. शिल्लक १०. आणि ती दहाही घरादाराच्या आसक्तीत जातात.

प्रल्हादाचं हे सांगणं वाचलं की "रिटायर झाल्यावर निवांत नामस्मरण करीन" या आपल्या बेताचं काय होतं ते समजतं. साठीनंतर वेळ आपोआप मिळत नाही, हे आपण घरोघरी बघतो आहोत. ज्यानं तिशीत रोजची पंधरा मिनिटं राखली नाहीत, त्याला साठीत दोन तास राखता येतील का? राखणं ही सवय आहे, ती आधी लावावी लागते.

दर नोव्हेंबरात पेन्शनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, "मी जिवंत आहे" असं वर्षातून एकदा सांगावं लागतं. बाबा हसून म्हणतात, "बँकेला वर्षातून एकदा पुरतं, पांडुरंगाकडे रोज हजेरी लावावी लागते."

आणि एक शेवटची गोष्ट. आपल्या मराठीत बांगडी "फुटली" म्हणत नाहीत, "वाढवली" म्हणतात. घरातल्या बायका हा शब्द फार जपून वापरतात. मला वाटतं आपण कमी केलेल्या कामांनाही हाच शब्द लावावा. नातं फोडलं नाही, एक बांगडी वाढवली. हातात उरली त्यातली एक माणसांसाठी आणि दुसरी देवासाठी.

आजचा अभ्यास

१. आज घरी फोन करा आणि आई-बाबांना विचारा, "या आठवड्यात तुमचा स्वतःचा असा कुठला वेळ आहे?" उत्तर ऐका, लगेच सल्ला देऊ नका.

२. तुम्ही त्यांना दिलेलं एक काम निवडा, नातवंडं सांभाळणं असो की पार्सल घेणं. त्याला सुरुवातीची वेळ, संपायची वेळ आणि आठवड्यातून एक सुट्टी ठरवा. "तुम्ही काय, रिकामेच आहात" हे वाक्य घरातून हद्दपार करा.

३. स्वतःच्या कॅलेंडरवर रोजची पंधरा मिनिटं अडवा. त्यात पोथी, नामस्मरण, काहीही. पण त्या वेळात दुसरी मीटिंग घ्यायची नाही.

उद्या याच अध्यायातला पुढचा गुरू, बाण तयार करणारा कारागीर. समोरून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता लागला नाही. आज आपण आवाज कमी करायला शिकलो, उद्या आवाज असतानाही चित्त कसं एकाग्र राहतं ते बघू.

राम कृष्ण हरि.